वडील निवडताना

सातारा आणि सांगली हे आज शेजारी जिल्हे आहेत, पण १९४९ पर्यंत सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि पटवर्धनांची संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्या मात्र या दोन भागांत दोन निरनिराळ्या वाटांनी आल्या. त्या वाटांतला फरक कुठे पाहायचा असेल, तर मंडळीचे पुढारी कसे निवडले जात, तिथे पाहावा.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनने १८४९ मध्ये ठाणे उघडले. छत्रपतींचे राज्य डलहौसीने खालसा करून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. मंडळीचा कारभार मंडळीनेच पाहायचा, वरून कोणी हुकूम सोडायचा नाही, अशी ही परंपरा. पाळक कोणाला करायचे, डीकन कोण, नव्या माणसाला सभासद करून घ्यायचे की नाही, हे सगळे सभासदांच्या सभेत ठरायचे.

सांगलीकडची वाट कोल्हापूरहून आली. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. ते काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने हाती घेतले. १८८४ मध्ये सांगलीत ठाणे झाले, १८९२ मध्ये मिरजेत, आणि तिथेच १८९४ मध्ये डॉ. विल्यम वान्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले. प्रेस्बिटेरियन पद्धतीत सभासद वडील निवडतात आणि पुढचा कारभार वडिलांच्या हाती जातो. पाळक आणि वडील मिळून जी बैठक भरते ते सेशन. परिसरातल्या सगळ्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी असते, आणि तिथे शेतकरी असलेल्या वडिलाच्या मताला पाळकाच्या मताइतकीच किंमत असते.

या पद्धतीचे मूळ १५४१ च्या जिनिव्हात आहे. जॉन कॅल्व्हिन यांच्या नियमावलीप्रमाणे तिथे बारा वडील नेमले जात: दोन नगराच्या लहान परिषदेतून, चार साठ जणांच्या परिषदेतून आणि सहा दोनशे जणांच्या परिषदेतून. शहराच्या प्रत्येक वस्तीवर कोणाचे तरी लक्ष राहील अशी वाटणी असे. नेमणूक वर्षाची. वर्ष संपले की पुन्हा विचार व्हायचा. स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५६० मध्ये जी शिस्त लिहिली, तिच्यातही वडिलांची निवड दरवर्षी करायची होती, कारण खुर्ची जास्त काळ टिकली की माणूस ती आपली मालमत्ता समजू लागतो, ही भीती त्यांना होती. आपल्याकडे वडीलपण तहहयात मानण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. ती या पद्धतीच्या मुळात नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवे.

पुढे या दोन्ही वाटा एक झाल्या. १९२४ च्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. आज कुठे पास्टोरेट कमिटी म्हणतात, कुठे पंच, कुठे वडील. पोटापाण्याचा स्वतःचा उद्योग सांभाळून मंडळीचा भार उचलणाऱ्या या सगळ्यांना मी इथे वडीलच म्हणणार आहे.

पद्धत सभेची असो की सेशनची, शहाणा माणूस ती शोधून देत नाही. सभेतही आरडाओरडा करणारा निवडून येतो आणि सेशनमध्येही मर्जीतला माणूस बसतो. म्हणून प्रश्न पद्धतीच्या अलीकडचा आहे: शहाणपण ओळखायचे कशावरून?

पवित्र शास्त्रातल्या ज्या गोष्टीने याचे उत्तर मला सर्वांत स्वच्छ दिले, ती प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमची मंडळी वाढत होती आणि रोजच्या अन्नवाटपावरून कुरबुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांचे म्हणणे होते की आमच्या विधवांना डावलले जाते, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळते. तक्रार पंक्तिभेदाची होती. प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी लोकांना सांगितले की तुमच्यातून नावलौकिकाची, आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली सात माणसे तुम्हीच निवडा. निवड लोकांनी केली, हात ठेवले प्रेषितांनी. आता ती सात नावे पाहा. स्तेफन, फिलिप्प, पुढची सगळी, ग्रीक वळणाची आहेत. शेवटचा अंत्युखियाचा नीकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता, बाहेरून यहुदी धर्मात आलेला होता. त्या काळी पुष्कळ इब्री यहुद्यांचीही नावे ग्रीक असत, हे खरे. तरी सातही नावे तशीच असावीत, याचा अर्थ बहुतेक अभ्यासक एकच लावतात: ज्या गटावर अन्याय झाला होता, त्याच गटाच्या हातात वाटपाची किल्ली दिली गेली.

हे आपल्याकडे सहसा घडत नाही. तक्रार करणाऱ्याला आपण भांडखोर म्हणतो आणि तक्रार न करणाऱ्याला समंजस. मग कमिटीवर समंजस माणसे जातात आणि ज्यांना खरोखर डावलले गेले त्यांचे तिथे कोणीच नसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न जातीच्या रूपाने आला. अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) दोन मंडळ्यांवर १८५४ मध्ये पहिले देशी पाळक नेमले गेले, हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक. त्याच सुमारास अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन भारताच्या दौऱ्यावर आले होते. मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः करावा, कारभार स्वतः पाहावा आणि प्रसारही स्वतः करावा, ही त्यांची ठाम भूमिका होती. त्या काळाच्या मानाने खिस्ते आणि मोडक यांची नेमणूक फार मोठे पाऊल होते, आणि दोघांनी जात, घरदार यांची मोठी किंमत मोजली होती हे विसरता येणार नाही. पण दोघेही ब्राह्मण होते, आणि मिशनचे काम खेड्यांत पसरत गेले ते मुख्यतः महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून. लिहिता-वाचता येणे हीच पुढारीपणाची पात्रता ठरली की ज्यांच्या पिढ्यान्पिढ्यांना पाटी-पेन्सिल मिळाली नाही ते आपोआप मागे राहतात. महारवाड्यात न्यायनिवाडा करणारे पंच आधीपासून होते. कोणाचे म्हणणे किती खरे, तडजोड कुठे होईल, हे त्यांना अनुभवाने कळत असे. हे शहाणपण मिशनच्या वहीत नोंदवायला रकाना नव्हता.

रकाना होता तो पगाराचा. खेड्यातला शिक्षकच बहुधा उपासना चालवी, रविवारी उपदेशही तोच करी, आणि लोक त्याला मास्तर म्हणत. मास्तरांना वेतन मिशनकडून मिळे. त्यांच्यातले कितीतरी जण अतिशय कष्टाळू आणि प्रामाणिक होते. खेड्यापाड्यांत अक्षरओळख पोचली ती त्यांच्यामुळे. पण मंडळीचा पुढारी आणि मिशनचा नोकर एकच झाला की त्याला दोन्हीकडे पाहून बोलावे लागते. शहरांत हेच मोठ्या प्रमाणावर होते. शाळा, दवाखाना, वसतिगृह हीच मंडळीतल्या बहुतेकांची रोजीरोटी असेल, तर आठवडाभर जो साहेब, तो रविवारीही साहेबच. ज्याच्या सहीने आपला पगार निघतो त्याच्याविरुद्ध सभेत हात वर करणे किती अवघड असते, हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

नारायण वामन टिळक यांचे शेवटचे पर्व म्हणूनच मला कवितेइतकेच या विषयासाठी महत्त्वाचे वाटते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यांना तिथे एकत्र हवे होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबाराला बाळसे धरायला वेळच मिळाला नाही. तरी मुद्दा पक्का आहे. ज्यांना मराठी ख्रिस्ती समाज आपला कवी मानत होता, त्यांना मोकळेपणाने काम करण्यासाठी पगारापासून दूर व्हावेसे वाटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये या घराचे जे चित्र ठेवले आहे, त्यात अशा निर्णयाची किंमत घरातल्या बाईला कशी मोजावी लागते हेही दिसते.

साताऱ्याशीच नाते असलेल्या आणखी एका माणसाने जातीच्या दुखण्यावर बोट ठेवले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर पुढे सविस्तर लिहिले. धर्मांतराने जात सुटली नाही, आणि हा समाज संघटित होऊन आपल्या हक्कांसाठी उभा राहत नाही, अशी त्यांची टीका होती. ती मंडळीच्या अभ्यासवर्गात वाचली गेली पाहिजे. वडील निवडायच्या आदल्या महिन्यात वाचली गेली तर फारच चांगले.

आता पौलाच्या पत्रांकडे येऊ. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि तीताला लिहिलेल्या पत्रात पुढाऱ्याच्या अंगी काय असावे याची यादीच आहे: एकपत्नी, नेमस्त, पाहुणचार करणारा, भांडणतंटा न करणारा, पैशाचा लोभ नसलेला, घर नीट चालवणारा, नवशिका नसलेला. या यादीत वक्तृत्वाला फारशी जागा नाही. शिकवता यावे एवढेच आहे. श्रीमंती नाही, घराणे नाही. आणि एक अट अशी आहे जी आपण सर्रास ओलांडून पुढे जातो: मंडळीबाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगले बोलले पाहिजे.

सातारा-सांगलीत या अटीचा अर्थ फार ठोस होतो. ख्रिस्ती घरे थोडी, गाव मोठे. माणूस खरा कसा आहे हे गावाला ठाऊक असते. शेतात लावलेल्या बायकांची मजुरी तो आठवडी बाजाराच्या आधी चुकती करतो की पुढच्या आठवड्यावर ढकलतो? बांधावरून शेजाऱ्याशी वाद झाला तेव्हा तो तलाठ्याकडे कोणते कागद घेऊन गेला? उधारी बुडवल्याबद्दल दुकानदार त्याचे नाव घेतो का? प्रभुभोजनाच्या वेळी तो कसा दिसतो यापेक्षा या प्रश्नांच्या उत्तरांतून अधिक कळते. चौकशी करायची तर उघड करावी, आणि ती मंडळीतल्या सर्वांत गरीब घरापासून सुरू करावी, कारण वागणुकीचा खरा अनुभव त्यांनाच येतो.

मोशेच्या सासऱ्याची, इथ्रोची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेल्या मोशेला त्याने सांगितले की अशाने तूही थकशील आणि लोकही. कर्तबगार, देवभीरू, विश्वासू आणि लाचेचा तिटकारा असणारी माणसे नेम. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर. प्रवचनांत भर असतो तो कामाच्या वाटणीवर. मला मोलाची वाटते ती शेवटची पायरी, दहांवरचा माणूस. दहा माणसे म्हणजे दोन-तीन घरे. त्या घरांत कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाने पुण्याला जाऊन वर्षभरात फोन केला नाही, कोणाच्या घरात दारू शिरली आहे, हे त्याला माहीत असणार. असे काम आधीपासून गुपचूप करणारा कोणी ना कोणी प्रत्येक मंडळीत असतो. पद नंतर येते. आणि बऱ्याचदा हा 'कोणी' म्हणजे बाईच असते.

बायकांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मिशनच्या काळात बायबल बाया घरोघरी, वस्त्यावस्त्यांत गेल्या, आजाऱ्यांजवळ बसल्या, अक्षरे शिकवली. निर्णयाच्या बैठकीत त्या क्वचितच होत्या. अमेरिकेतल्या ज्या प्रेस्बिटेरियन चर्चने इकडे माणसे पाठवली, तिनेही स्त्रियांना वडील होण्याची परवानगी दिली ती १९३० मध्ये. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस सगळ्यांच्या आधी करतो, हे मात्र तेव्हाही छापलेलेच होते. आज रविवारी बाकांवर बायका जास्त दिसतात. कमिटीत एखादीच असेल आणि तिच्याकडे चहापाणी व सणाची सजावट दिली जात असेल, तर त्या निवडीला शहाणी म्हणणे मला जमणार नाही. जिच्याकडे भिशीचा, बचतगटाचा हिशेब वर्षानुवर्षे चोख राहिला आहे, तिच्या हाती मंडळीची वही द्यायला कशाची अडचण आहे?

हिशेबाचा विषय निघाला आहे, तर कायद्याचेही सांगतो. अनेक मंडळ्या किंवा त्यांच्या वरच्या संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत; हा मूळचा १९५० चा मुंबईचा कायदा. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेबाची तपासणी करून घ्यावी लागते. जागा विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त किंवा इतर जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरीही तेच. मिशनच्या काळात गावाबाहेर घेतलेल्या जागा आज भर वस्तीत आल्या आहेत आणि त्यांच्या किमतीने भल्याभल्यांचे डोळे फिरतात. विश्वस्त म्हणून ज्याचे नाव लागते त्याची सही पुढच्या पिढ्यांवर परिणाम करते. म्हणून 'ना' म्हणता येणे हा वडिलाचा फार मोठा गुण आहे. ज्याच्यावर मोठे कर्ज आहे, किंवा ज्याचा धंदा जागांच्या व्यवहाराचा आहे, त्याला या पदापासून लांब ठेवणे हे त्याच्याही हिताचे असते. त्यात त्याचा अपमान नाही.

आणि आमच्या या भागाचे एक खास दुखणे आहे. हा साखर कारखान्यांचा, सोसायट्यांचा, दूध संघांचा मुलूख. सहकाराने या मातीत पुष्कळ चांगले घडवले, पण निवडणुकीची एक रीतही शिकवली: पॅनेल बांधायचे, भावकी मोजायची, सभासद यादीत आपली नावे वाढवायची, रात्री बैठका घ्यायच्या. ती रीत मंडळीच्या वार्षिक सभेत शिरली की निवडून येतो तो गट, माणूस नाही. मग दोन गटांचे दोन बदल अर्ज दाखल होतात आणि निकाल लागेपर्यंत कोणाची सही चालायची यावर पाळकाचा पगारही अडकून पडतो. योहानाच्या तिसऱ्या पत्रात पुढारीपणाची हौस असलेल्या एकाची तक्रार आहे. तो पाहुण्यांना घेत नाही आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. पहिल्या शतकापासून हा माणूस आपल्या ओळखीचा आहे.

निवडणूक टाळून हे सुटेल असे मात्र मला वाटत नाही. पाळकाने आपल्या पसंतीची माणसे नेमली की तीच चूक दुसऱ्या दाराने येते. उपाय साधे आहेत आणि करून पाहता येतात. मुदत ठरलेली असावी आणि दोन मुदतींनंतर सक्तीची विश्रांती असावी. एका घरातून एकच वडील असावा. खजिनदार आणि सचिव नात्याचे नसावेत. दर तीन महिन्यांनी जमाखर्च उपासनेनंतर मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही तो कळेल. तरुणांना एक-दोन जागा द्याव्यात, पण राजा रहबामासारखे फक्त बरोबरीच्यांचे ऐकणारे नकोत. त्याने वडीलधाऱ्यांचा सल्ला झिडकारला आणि इस्राएलाचे राज्य दुभंगले.

यांपेक्षा मोठे काम एका जुन्या रीतीने होईल. विवाह ठरला की मंडळीत त्याची जाहीर सूचना वाचतात, कोणाची हरकत असेल तर त्याने पुढे यावे म्हणून. युरोपातल्या अनेक रिफॉर्म्ड मंडळ्यांत वडिलांची नावेही अशीच आधी वाचून दाखवत. आपल्याकडे बहुतेकदा नावे सभेच्या दिवशीच कळतात, आणि हात वर होतात ते शेजारच्याचा हात पाहून. तीन रविवार नावे वाचली जावीत. हरकत निनावी चिठ्ठीने घेतली जाऊ नये. घेणाऱ्याने पाळकाकडे स्वतः जाऊन, नाव सांगून बोलावे, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला उत्तर द्यायची संधी चार भिंतींच्या आत मिळावी. हरकत मजुरी थकवल्याची असेल तर त्याने मजुरी चुकती करावी आणि त्याचे नाव पुढच्या खेपेला पुन्हा यावे. आणि ज्या सभासदाची हरकत खरी निघाली, त्याचे स्वतःचे नाव पुढच्या यादीत घ्यायचे का, याचा विचार मंडळीने त्याच बैठकीत करावा.